नाक मोजणारं शास्त्र आणि बाबासाहेबांचा निबंध

दोस्तांनो, मानववंशशास्त्र म्हटलं की आपल्या पोरांना वाटतं, ही कॉलेजातल्या साहेबलोकांची भानगड. आदिवासी पाड्यावर जायचं, दागिने, देवदेवस्की, लग्नाच्या रीती लिहून आणायच्या आणि त्यावर डॉक्टर व्हायचं. हा संशय रास्त आहे. या शास्त्रानं आपल्याकडे फार दिवस नमुना म्हणूनच पाहिलं. हर्बर्ट रिस्ले हा इंग्रज अधिकारी, १९०१ च्या खानेसुमारीचा आयुक्त. त्यानं माणसांची नाकं मोजली आणि सांगितलं, नाक जितकं रुंद तितकी जात खालची. मनूनं धर्माच्या नावानं केलं तेच यानं पट्टीच्या नावानं केलं.

या पट्टीच्या विरोधात न्यूयॉर्कला फ्रान्झ बोआस उभा राहिला. सुमारे १८ हजार स्थलांतरित आणि त्यांची मुलं मोजून त्यानं दाखवलं की डोक्याचा आकारसुद्धा परिस्थितीनं बदलतो. संस्कृती रक्तातून येत नाही, माणूस ती शिकतो. या शास्त्राचा हा पहिला धडा. पण म्हणून बोआसचीही आरती ओवाळू नका. त्याच्या सांगण्यावरून रॉबर्ट पिअरीनं १८९७ मध्ये ग्रीनलंडहून इनुइट माणसं तिथल्या म्युझियमसाठी आणली. सांगितलं होतं एक, आणली सहा. वर्षाच्या आत चौघं मेली. मिनिक या पोराला बापाचं खोटं दफन दाखवलं आणि हाडं म्युझियमनं ठेवून घेतली. ती १९९३ मध्ये मायदेशी गेली.

बोआसच्याच कोलंबिया विद्यापीठात, त्याचा शिष्य गोल्डनवायझर याच्या सेमिनारमध्ये, ९ मे १९१६ रोजी बाबासाहेबांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. वय २५. ज्याला नमुना म्हणून उभा करायचा तोच हातात कागद घेऊन बोलायला उभा राहिला. निबंधाच्या नावातच ‘यंत्रणा’ हा शब्द आहे. कापडात दोष दिसला की आपण साचा तपासतो. बाबासाहेबांनी जातीचा साचा तपासला. जातीतच लग्न, हा तो साचा. गट बंद ठेवायचा तर बाया-पुरुषांची संख्या बरोबर राहिली पाहिजे. नवरा मेला, बाई जादा झाली: तिला जाळा, नाहीतर जन्मभर विधवा ठेवा. बायको मेली, पुरुष जादा झाला: त्याला लहान पोरगी द्या. सती, वैधव्य, बालविवाह या धर्माच्या गोष्टी नव्हेतच, जात चालू ठेवायची हत्यारं आहेत. आधी ब्राह्मणांनी दार लावून घेतलं, मग बाकीच्यांनी नक्कल केली.

या निबंधात एक उणीव आहे, ती आपणच सांगितली पाहिजे. अस्पृश्यतेवर त्यात फारसं काही नाही. दार लावल्यावर बाहेर राहिलेल्यांचा प्रश्न बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये घेतला. तिथं त्यांनी नाकाच्या मोजमापाचेच आकडे घेऊन दाखवलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत. रिस्लेची पट्टी रिस्लेवरच उलटवली.

तेव्हा पोरांनो, हे शास्त्र शिका. पण आपल्या वस्तीचे नमुने साहेबाला पुरवायला नको. वही घेऊन वरच्या आळीत जा. तिथं लग्नं कशी जुळतात, पेपरातल्या वधू-वर जाहिरातीत काय मागतात, ते लिहा. मग तीच वही आपल्या घरात उघडा. आपणही सोयरीक करताना पोटजात विचारतो की नाही? बहिणीनं स्वतःच्या मर्जीनं लग्न ठरवलं तर आपण काय करतो? तेही त्याच वहीत लिहा, लाजू नका.