भंगुर गोळीची अचूकता आणि विश्वासार्हता : एक चिकित्सा

नागपूर–अमरावती महामार्गावरील तळेगाव (श्यामजी पंत) हे वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील गाव होय. या तालुक्याच्या स्मरणात पोलिसांच्या बंदुकीला एक स्थान आहे. 16 ऑगस्ट 1942 रोजी आष्टी येथे ‘छोडो भारत’ चळवळीतील जमावावर गोळीबार झाला व माणसे प्राणास मुकली. याच जिल्ह्यातील पुलगाव येथे लष्कराचे मध्यवर्ती दारूगोळा भांडार असून 31 मे 2016 रोजी तेथे लागलेल्या आगीतही अनेकांचे प्राण गेले. तेव्हा झाडलेली गोळी कोठे थांबते आणि साठवलेला दारूगोळा कितपत भरवशाचा असतो, हे दोन प्रश्न या परिसरात केवळ तांत्रिक राहत नाहीत. भंगुर गोळी ही पहिल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून पुढे केली जाते. दुसऱ्या प्रश्नाकडे मात्र तिच्या पुरस्कर्त्यांचे पुरेसे लक्ष नसते.

भंगुर गोळी म्हणजे कठीण पृष्ठावर आदळताच जिचा चुरा होतो अशी गोळी. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेने शिशाची भुकटी व बेकेलाइट यांपासून अशी गोळी बनविली. विमानातील तोफचींनी जाड पत्र्याचे कवच चढविलेल्या खऱ्या विमानावर सरावासाठी ती झाडावी, हा हेतू होता. पुढे तांबे व कथील यांची भुकटी दाबून व तापवून, किंवा तांब्याची भुकटी प्लॅस्टिकमध्ये मिसळून या गोळ्या होऊ लागल्या. पोलादी लक्ष्यावरून तुकडे उलटून येण्याचे भय कमी व्हावे आणि सरावाच्या जागी शिशाचे विष पसरू नये, हे त्यांचे दोन खरे गुण होत.

तथापि जो ठिसूळपणा लक्ष्यावर गुण ठरतो, तो बंदुकीच्या आत दोष ठरू शकतो. शिशाची घनता पाण्याच्या 11.3 पट, तर तांब्याची 8.9 पट आहे. दाबलेल्या भुकटीची त्याहूनही कमी. परिणामी गोळी हलकी तरी होते किंवा लांब तरी. 9 मिलिमीटर पिस्तुलाची नेहमीची गोळी 115 अथवा 124 ग्रेनची असते. भंगुर गोळी बहुधा 90 ते 100 ग्रेनची. हलकी गोळी अधिक वेगाने नळीबाहेर पडते व थोड्या अंतरावर नेहमीच्या नेमापेक्षा खाली लागू शकते. गोळी लांब झाल्यास तिला स्थिर ठेवण्यासाठी नळीतील आट्यांचा पीळ अधिक लागतो. उलट, सात इंचांत एक फेरा देणाऱ्या रायफलीतून सेकंदास 940 मीटर वेगाने निघालेली गोळी सेकंदाला पाच हजारांहून अधिक गिरक्या घेते. तिची बांधणी सदोष असेल तर ती हवेतच फुटण्याचा संभव असतो.

विश्वासार्हतेचा प्रश्न याहून गंभीर आहे. स्वयंचलित पिस्तुल पुढचे काडतूस भरण्यासाठी मागील धक्क्यावर अवलंबून असते. हलक्या गोळीचा धक्का अपुरा पडल्यास यंत्रणा अडकते. ठिसूळ गोळीवर पुंगळीचे तोंड घट्ट आवळता येत नाही. सैल आवळल्यास गोळी आत सरकून दारूचा दाब वाढतो. फार आवळल्यास गोळीला तडा जातो. काडतूस नळीत चढताना गोळीचे टोक मोडले, तर तुकडे आत राहतात. नळीत गोळी अडकली असता दुसरी झाडली गेल्यास नळी फुटू शकते, व इजा झाडणाऱ्यासच होते.

अशा गोळीची परीक्षा कशी होते, हेही तपासले पाहिजे. पाच गोळ्यांचा एक सुबक पुंजका अचूकतेचा पुरावा मानला जातो. वस्तुतः इतक्या थोड्या गोळ्यांवरून गोळ्यांच्या विखुरणीचा अंदाज फार ढोबळ येतो. पन्नास गोळ्या अडथळ्याविना सुटल्या, तर संख्याशास्त्राप्रमाणे 95 टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की अडथळ्याचे प्रमाण शेकडा सहाहून अधिक नसावे. ते शेकडा एकाच्या आत आहे असे म्हणण्यास सुमारे तीनशे गोळ्या निर्दोष सुटाव्या लागतात. त्याही त्याच शस्त्रातून व त्याच उत्पादन-गटातील. विदर्भाच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो आणि तापलेली दारू अधिक वेगाने जळते. म्हणून थंड प्रयोगशाळेतील निष्कर्ष येथे जसेच्या तसे लागू होत नाहीत.

‘सुरक्षित गोळी’ हे नावही दिशाभूल करणारे आहे. चुरा होण्यासाठी समोर कठीण पृष्ठ लागते. माती, लाकूड वा मनुष्यदेह यांत ती अभंगही राहू शकते, आणि ती प्राणघातक आहे याविषयी शंकेस जागा नाही. तळेगावच्या बसथांब्यासारख्या गर्दीच्या ठिकाणी पोलिसाच्या हाती ही गोळी असल्याने मागे उभ्या असलेल्यांस अभय मिळते, असे मानणे धोक्याचे आहे.

तात्पर्य, पोलादी लक्ष्यावरील सरावासाठी भंगुर गोळीचा पुरस्कार सयुक्तिक आहे. मात्र तिच्यावर सराव केलेल्या शिपायाने बंदोबस्तावर जाण्यापूर्वी तेथे वापरावयाच्या गोळीवर आपला नेम पुन्हा पारखून घेतला पाहिजे. बंदोबस्तासाठी हीच गोळी द्यावयाची असेल, तर प्रत्येक शस्त्रप्रकारात आणि प्रत्येक उत्पादन-गटात, उन्हाळ्याच्या तापमानात, किमान तीनशे गोळ्यांची कसोटी व तिच्या नोंदी आवश्यक ठरतात. त्या नोंदींवाचून केलेली खरेदी शिपाई आणि नागरिक या दोघांचेही जीव पणाला लावते.