जू आणि विसावा : पंडिता रमाबाईंच्या साक्षकथनातील आध्यात्मिक स्वातंत्र्याची कल्पना

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्याविषयीच्या आधुनिक समीक्षेत 'स्वातंत्र्य' ही संकल्पना मध्यवर्ती राहिली आहे. उमा चक्रवर्ती यांच्या १९९८ सालच्या ग्रंथात रमाबाईंच्या जीवनाचा विचार जात आणि पितृसत्ता यांच्या संदर्भात झाला, तर त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या गौरी विश्वनाथन यांच्या 'आउटसाइड द फोल्ड' या ग्रंथात त्यांच्या धर्मांतराकडे मतभेदाची कृती म्हणून पाहिले गेले. या दोन्ही वाचनांचे ऋण मान्य करूनही एक उणीव जाणवते. मतभेद नोंदवून झाल्यावर रमाबाईंना काय लाभले, हा प्रश्न तेथे दुय्यम ठरतो. १९०७ साली त्यांनी इंग्रजीत लिहिलेल्या साक्षकथनाचा भर मात्र नेमका त्या लाभावर आहे. प्रस्तुत लेखात या साक्षकथनाचा विचार 'जू' आणि 'विसावा' या दोन शब्दांच्या आधारे करावयाचा आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील अकराव्या अध्यायाच्या अखेरीस हे दोन्ही शब्द एकत्र येतात. येशू भाराने वाकलेल्यांना विसाव्याचे आमंत्रण देतो आणि लगेच आपले जू मानेवर घेण्यास सांगतो. कृषिजीवनाशी परिचित वाचकाला येथे थबकावे लागते, कारण आपल्याकडे औत सुटले, मानेवरचे जू उतरले, की मग बैलाचा विसावा. शुभवर्तमानातील विसावा जू उतरवून मिळत नाही. जू कोणाचे आहे, यावर तो अवलंबून आहे. मराठी बायबलने येथे योजलेला 'विसावा' हा शब्दही अर्थपूर्ण आहे. वारीत पालखीचा रात्रीचा तो मुक्काम आणि वाटेतला थोडा थांबा तो विसावा. विसाव्यानंतर चालणे संपत नाही, ही जाण मराठी शब्दातच आहे.

रमाबाईंचे बालपण चालण्यातच गेले. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले, तिने पुढे ते मुलीला शिकविले आणि कुटुंबाने वर्षानुवर्षे तीर्थाटन केले. पुराणकथनावर निर्वाह चाले. दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली. रमाबाई व बंधू श्रीनिवास पायी भटकत राहिले. स्नाने, उपवास, व्रते, दाने हे सर्व शास्त्रोक्त रीतीने करूनही फळ मिळाले नाही, हे त्या साक्षकथनात कटुतेपेक्षा थकव्याच्या सुरात सांगतात. शास्त्रग्रंथांत अनेक बाबतींत परस्परविरोध असला तरी स्त्रीच्या हीनत्वाविषयी आणि तिच्या मोक्षाच्या अनधिकाराविषयी त्यांचे एकमत आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्या स्त्रीला 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या, तिचा हा निष्कर्ष असल्याने तो अज्ञानाचा म्हणून बाजूला सारता येत नाही.

१८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. येथे कथा संपावयास हवी होती. प्रत्यक्षात संघर्ष येथून वाढला. अँग्लिकन भगिनीसंघातील सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ साली ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला. त्यात त्रैक्याच्या सिद्धान्तापासून शाकाहारापर्यंत वादाचे विषय आहेत. मांसाहार टाळणे हा जातीचा अभिमान, असे आश्रयदात्यांना वाटे; तो आपल्या विवेकाचा विषय आहे, अशी रमाबाईंची भूमिका होती. १८८५ मधील एका पत्रात त्यांनी स्पष्ट लिहिले की, पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने झुगारल्यावर तसेच दुसरे जू मानेवर घेण्यास त्या तयार नाहीत. मत्तयाच्या अध्यायातलाच हा 'जू' शब्द येथे नकारार्थी येतो, ही बाब समीक्षकांनी पुरेशी लक्षात घेतलेली नाही. विश्वनाथन यांच्या विवेचनाला हे पत्र उत्तम पुरावा पुरविते, यात शंका नाही. परंतु या पत्रातील रमाबाई स्वतंत्र आहेत, विसावलेल्या नाहीत.

विसाव्याची नोंद येते ती बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असा भेद त्या साक्षकथनात करतात. धर्मोपदेशक असूनही स्वतःच्याच प्रवचनाने परिवर्तन झालेल्या विल्यम हॅसलम यांचे आत्मकथन वाचून त्यांना ही उणीव उमगली. तारण हे पुढे केव्हातरी मिळावयाचे नसून आताच मिळालेले आहे, ही जाणीव या प्रकरणाचा गाभा होय. पुण्यसंचयाच्या हिशेबात फळ नेहमीच पुढच्या जन्मावर ढकललेले असते. बालपणीच्या यात्रेला विसावा नव्हता तो याच कारणाने. कृपेच्या कल्पनेत हा हिशेबच मिटतो. कृतीने पुण्य मिळवावयाचे नाही म्हणून कृती मोकळी होते, हा विचार ल्यूथरने १५२० साली ख्रिस्ती मनुष्याच्या स्वातंत्र्यावरील आपल्या निबंधात मांडला होता. रमाबाई त्याच निष्कर्षाला येतात, पण तीर्थाटनाच्या वाटेने.

त्यामुळे १८९१ नंतरच्या रमाबाई 'सुधारक' राहिल्या नाहीत, श्रद्धेत विरघळून गेल्या, हे मत स्वीकारता येत नाही. १८८९ साली मुंबईत स्थापन झालेले शारदा सदन पुढे पुण्यास आले आणि १८९३ साली धर्मप्रचाराच्या आरोपावरून रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागार त्यापासून दूर झाले. त्यानंतरच १८९६–९७ व १९०० च्या दुष्काळांतील स्त्रिया-मुलींना आश्रय देणारे केडगावचे प्रचंड कार्य उभे राहिले. १८८५ मध्ये जू नाकारणाऱ्या स्त्रीने हे जू आपण होऊन उचलले. (वाढत्या व्यापाला कोणी 'माघार' म्हणावे, हे नवलच.)

मात्र प्रश्न येथेच कठीण होतो. केडगावच्या संस्थेला रमाबाईंनी 'मुक्ती' हे नाव दिले. आपल्याला नाकारलेला शब्दच त्यांनी परत घेतला, असे म्हणता येईल. परंतु दुष्काळातून आलेल्या अनाथ मुलीला विवेकाचे ते स्वातंत्र्य होते काय, ज्यासाठी रमाबाई सिस्टर जेराल्डिन यांच्याशी भांडल्या? आश्रय देणारा आणि आश्रित यांच्यातील अंतर वाँटेजला त्यांनी स्वतः अनुभवले होते. केडगावला त्या दुसऱ्या बाजूस उभ्या होत्या. १९०५ साली तेथे झालेल्या आध्यात्मिक पुनरुज्जीवनात मुलींनी मोठ्याने प्रार्थना केल्या, अश्रू ढाळले, आनंद व्यक्त केला. त्याचे सर्वज्ञात वृत्तांत रमाबाईंच्या सहकारी मिनी एब्रम्स यांच्यासारख्या मिशनरींच्या इंग्रजी लेखणीतून आलेले आहेत. त्यांत समूह दिसतो. रमाबाईंसारखा 'मी' म्हणून वाद घालणारा आवाज ऐकू येत नाही.

या प्रश्नाचे उत्तर साक्षकथनात शोधण्यापेक्षा रमाबाईंच्या बायबल-भाषांतरात शोधणे अधिक फलदायी ठरेल, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी हे काम अखेरपर्यंत केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, प्रसिद्ध झाले. सामान्य बायकांना कोणाच्या मध्यस्थीवाचून कळावी अशी सोपी मराठी त्यांनी त्यासाठी योजली. वेदाध्ययनाचा अधिकार जिला नाकारला गेला होता, त्या स्त्रीने ग्रंथच वाचणारीच्या हाती ठेवला. मग ती त्यातून कोणता अर्थ काढील, हे भाषांतरकर्तीच्या ताब्यात राहत नाही.