'खोटा, खोडसाळ व नाकबूल' : मालकाच्या वकिलाचं गद्य



आज मी ज्या लेखकाबद्दल बोलणार आहे त्याच्या नावावर एकही पुस्तक नाही. त्याचं लिखाण मात्र इथे बसलेल्या काही जणांच्या घरात, कपाटातल्या जुन्या फायलीत नक्की असेल. कारणे दाखवा नोटीस, आरोपपत्र, चौकशीचा अहवाल, बडतर्फीचा हुकूम, आणि प्रकरण कोर्टात गेलं तर कैफियत. खाली सही असते कारखान्याच्या मॅनेजरची. मजकूर पुष्कळदा दुसऱ्याचा असतो. तो दुसरा म्हणजे मालकाचा वकील.

नारायण सुर्व्यांच्या कवितेत कामगार आहे. जयंत पवारांच्या 'अधांतर'मध्ये गिरणगावातलं, संपानंतरचं घर आहे. पुढारी, मुकादम, मालक हे सगळे आपल्या साहित्यात कुठे ना कुठे भेटतात. या वकिलाशी मात्र माझी तिथे फारशी गाठ पडलेली नाही. सिनेमात वकील येतो तो काळा कोट घालून, टेबलावर हात आपटत. श्रम न्यायालयातला मालकाचा वकील तसा नसतो. त्याचं बरंचसं काम खटला उभा राहण्याच्या आधी झालेलं असतं आणि ते लिहिण्याचं काम असतं. म्हणून मला वाटतं की त्याच्याकडे कायद्याच्या माणसांनी बघावंच, पण समीक्षकानेही एकदा बघावं.

सुरुवात आरोपपत्रापासून करू. कारखान्यात स्थायी आदेश लागू असतात. त्यात गैरवर्तनाची यादी असते. वरिष्ठांच्या कायदेशीर व रास्त हुकमाची जाणूनबुजून अवज्ञा, चोरी, दारू पिऊन गोंधळ, दहा दिवसांपेक्षा जास्त विनापरवाना गैरहजेरी, शिस्तीला बाधा आणणारी कृती, अशी. १९८० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की जे या यादीत नाही त्याला गैरवर्तन म्हणून शिक्षा देता येणार नाही. हे कामगाराच्या बाजूचंच म्हणणं होतं आणि योग्यच होतं. पण लेखनाच्या दृष्टीने त्याचा परिणाम काय झाला बघा. शॉप फ्लोअरवर जे काही घडलं ते यादीतल्या शब्दांत बसवणं भाग पडलं. दोन माणसांचं पाळी संपताना वाजलं, एकाने पाना आपटला, दुसऱ्याने वर जाऊन सांगितलं. वकिलाकडे फाईल आली की याचं होतं असं : 'आपण दिनांक अमुक रोजी दुसऱ्या पाळीत, कामाच्या वेळेत, आपल्या वरिष्ठांचा रास्त हुकूम हेतुपुरस्सर धुडकावून, शिस्तीस बाधा येईल असे वर्तन केले.' हा नमुना माझा आहे, पण ज्यांनी असे कागद वाचलेत त्यांना ओळखीचा वाटेल. तारीख आहे, पाळी आहे, वेळ आहे. पाना का आपटला, हे नाही. त्याची जागाच या गद्यात नाही.

आणि या कोरड्या मजकुराच्या मधोमध एक गंमत असते. आरोप शिवीगाळीचा असेल तर नुसतं 'अर्वाच्य भाषा वापरली' म्हणून भागत नाही. आरोप नेमका हवा, नाहीतर कामगार म्हणणार, मी काय बोललो ते सांगा तरी. मग वकील ती शिवी जशीच्या तशी अवतरणचिन्हांत घालतो. अख्ख्या कागदात जिवंत मराठी वाक्य तेवढंच. (हशा) हसू नका, कारण पुढे प्रकरण वर गेलं की त्या शिवीचं इंग्रजी भाषांतर होतं, आणि यंत्राच्या आवाजात, बरोबरीच्या नात्याने, सवयीने बोलली जाणारी शिवी आणि अंगावर धावून जाताना दिलेली शिवी यांतला फरक भाषांतरात पुसला जातो. १९९५ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की शिवराळ भाषेला एकच साचा लावता येत नाही, प्रत्येक प्रकरणाची परिस्थिती बघावी लागते. २००५ साली महिंद्र अँड महिंद्रच्या एका कामगाराच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने वरिष्ठाला घाणेरड्या शिव्या दिल्याबद्दलची बडतर्फी कायम केली. खालच्या न्यायालयांना ती शिक्षा जास्त वाटली होती. या दोन निकालांत विरोध आहे असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो की एका माणसाची नोकरी ज्या दोन-तीन शब्दांवर टांगली जाते, त्या शब्दांभोवतीचा संदर्भ लिहिण्याची जबाबदारी आरोपपत्र लिहिणाऱ्यावर कोणी टाकलेली नाही, आणि तो ती आपणहून घेत नाही.

आरोपपत्रानंतर खातेनिहाय चौकशी. कारखान्यातलीच एखादी खोली, टेबल, चौकशी अधिकारी. हा अधिकारी कित्येकदा स्वतःच वकील असतो आणि त्याची फी कंपनी देते. तेवढ्यावरून त्याला पक्षपाती म्हणता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या दशकातच सांगितलं. समोर आरोपित कामगार आणि त्याच्या बाजूला सहकारी किंवा युनियनचा माणूस. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या १९८२ च्या प्रकरणात न्यायालयाने ही विषमता ओळखली : मालकाची बाजू कायद्याचं शिक्षण घेतलेला माणूस मांडणार असेल तर कर्मचाऱ्याला वकील नाकारणं हे नैसर्गिक न्यायाला धरून नाही. चांगला निकाल. पण कागद वाचताना लक्षात येतं की असमतोल बोलण्यात आहे त्यापेक्षा लिहून घेण्यात जास्त आहे. कामगार उत्तर देताना भरकटतो. बायकोचं दुखणं सांगतो, आधीच्या सुपरवायझरचं सांगतो. नोंद होते, 'प्रश्नाचे उत्तर : होय, मी मशीन सोडले होते.' खाली सही, 'वरील मजकूर वाचला, बरोबर आहे.' बरोबर आहेच. खोटं काहीच लिहिलेलं नाही.

कोर्टात या वकिलाचा प्रवेश कसा होतो तेही सांगायला हवं, कारण त्यात या पेशाची एक जुनी अडचण दिसते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने वकिलांना दारात अडवलं होतं. कलम ३६(४) प्रमाणे समोरच्या पक्षाची संमती आणि न्यायाधिकरणाची परवानगी असल्याशिवाय वकील उभा राहू शकत नव्हता. हेतू साधा होता, ज्याच्याकडे पैसा त्याच्याकडे मोठा वकील असं होऊ नये. पण त्याच कलमात मालकांच्या संघटनेच्या पदाधिकाऱ्याला बाजू मांडायची मुभा होती. मग वकील संघटनेचा पदाधिकारी झाला तर? पारादीप पोर्टच्या प्रकरणात १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की निव्वळ मुखत्यारपत्र घेऊन आलेला वकील चालणार नाही, पण तो खरोखर पदाधिकारी असेल तर वकील आहे म्हणून त्याला अडवता येणार नाही. हीच वाट युनियनच्या वकिलालाही खुली राहिली. सराव असा की दोन्हीकडे वकील, दोन्हीकडून संमती.

आता कैफियत. या प्रकाराचं व्याकरण ठरलेलं आहे. आधी प्राथमिक हरकती, मग परिच्छेदवार नकार. 'परिच्छेद ४ मधील मजकूर खोटा, खोडसाळ असून या सामनेवाल्यास नाकबूल आहे.' परिच्छेद ५, तेच. ६, तेच. प्राथमिक हरकतीतली लाडकी हरकत म्हणजे, अर्जदार हा कायद्याच्या व्याख्येतला 'कामगार'च नाही. १९६९ साली दिल्लीतल्या एका कंपनीच्या हिशेबनिसाला कामावरून काढलं. तो कारकुनी काम करत होता की देखरेखीचं, म्हणजे तो 'कामगार' होता की नाही, या एका प्रश्नावर प्रकरण श्रम न्यायालय, उच्च न्यायालय असं फिरत १९८३ साली सर्वोच्च न्यायालयात पोचलं. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी चांगलेच वैतागले, आणि सगळे मुद्दे एकदमच निकाली काढा असं त्यांनी श्रम न्यायालयांना बजावलं. त्याला काढणं योग्य होतं की अयोग्य, हा मूळ प्रश्न चौदा वर्षं तसाच पडून होता. त्या हरकतीत कायद्याची चूक नव्हती. तशी हरकत घेण्याचा हक्क होता. मला विचाराल तर वकिलाच्या बाबतीत खरा प्रश्न इथे सुरू होतो, हक्क आहे तेवढ्यावरून अशिलाला तो वापरायचा सल्ला द्यायचा का.

आणखी एक वाक्य सांगतो. कसलेला वकील कैफियतीच्या शेवटी लिहून ठेवतो की चौकशी सदोष ठरली तर आम्हाला कोर्टापुढे नव्याने पुरावा देऊन आरोप सिद्ध करण्याची संधी मिळावी. १९७१ च्या दुरुस्तीने कलम ११अ आलं, न्यायालयाला शिक्षा कमी करण्याचा अधिकार मिळाला. १९७३ च्या फायरस्टोन निकालाने पुरावा देण्याचा मालकाचा हा हक्क त्यानंतरही शाबूत असल्याचं सांगितलं. पण तो वेळीच मागावा लागतो. हे एक वाक्य राहिलं की कंपनीचा सगळा खेळ बिघडू शकतो. वाक्यांची अशी किंमत आपल्या किती कथाकारांना ठाऊक आहे?

हे सगळं ऐकून कोणी म्हणेल, तुम्ही मालकाच्या वकिलाला खलनायक करताय. नाही. मालकालाही बाजू मांडायचा हक्क आहे. खरोखर चोरी झालेली असते, बाईमाणसाला त्रास दिलेला असतो, आणि तिथे नेमकं, पुराव्याला धरून लिहिलेलं आरोपपत्र हेच बाकीच्या कामगारांचं संरक्षण असतं. रागाने लालबुंद झालेल्या मालकाला 'आज काढू नका, आधी त्याचं म्हणणं ऐका' असं सांगणारा कारखान्यात कोणी असेल तर तो बहुधा हा वकीलच. त्याच्या केबिनमध्ये किती नोकऱ्या वाचल्या याची नोंद कुठल्याच फायलीत होत नाही.

माझी तक्रार एका परिच्छेदाबद्दल आहे. स्थायी आदेशांत एक तरतूद आहे : शिक्षा ठरवताना गैरवर्तनाचं गांभीर्य, कामगाराचा पूर्वेतिहास आणि शिक्षा सौम्य किंवा कडक करायला लावणारी परिस्थिती लक्षात घ्यावी. म्हणजे या सगळ्या रुक्ष कारभारात एकाच जागी कायदा म्हणतो, या माणसाबद्दल सांगा. वीस वर्षं तो काय करत होता, त्या आठवड्यात त्याच्या घरी काय चाललं होतं, ते सांगा. आणि बडतर्फीच्या हुकमात त्या जागी काय येतं? 'आपला पूर्वेतिहास तसेच सौम्य शिक्षा देण्याजोग्या परिस्थितीचा विचार करण्यात आला. तथापि तशी कोणतीही परिस्थिती आढळून आली नाही.' वाक्याला कर्ता नाही. कोणी विचार केला, केव्हा केला, पत्ता नाही. बहुतेक वेळा हे वाक्य आधीच्या कोणाच्या तरी हुकमातून, नाव बदलून, उचललेलं असतं. चरित्र लिहायला सांगितलं आणि शिक्का मारला.

हे गद्य म्हणून वाईट आहेच, वकिली म्हणूनही वाईट आहे. न्यायाधीश नेमकं हेच बघायला बसतो, की शिक्षा अपराधाच्या मानाने जास्त आहे का. तिथे शिक्का दाखवून काय उपयोग? ज्या वकिलाने खरोखर त्या माणसाची सेवापुस्तिका वाचली, आधीचे मेमो आणि बक्षिसं दोन्ही नोंदवली, आणि तरीही बडतर्फी का, हे चार ओळींत लिहिलं, त्याचा हुकूम टिकण्याची शक्यता जास्त. आणि सेवापुस्तिका वाचता वाचता त्यालाच वाटू शकतं की चार दिवसांचं निलंबन पुरे.

(श्रोत्यांमधून प्रश्न : कामगाराच्या वकिलाचं गद्य याहून चांगलं असतं का?)

नाही हो. 'बेकायदेशीर, मनमानी, सूडबुद्धीने, अन्यायकारक', चारही शब्द पहिल्या पानावर, प्रत्येक अर्जात. मागणीही ठरलेली, सलग सेवा व मागील पगारासह पूर्वपदावर. त्यातही तो माणूस दिसत नाही. फरक इतकाच की त्या अर्जाच्या आधी अर्जदार वकिलासमोर खुर्चीत बसून दोन तास बोललेला असतो. मालकाच्या वकिलासमोर तो पहिल्यांदा येतो तो थेट उलटतपासणीला.