डोळे म्हणतात चल, कान म्हणतात थांब

एसटीने घाट चढताना पुस्तकात डोके घालून बसलेल्या मुलाला हमखास मळमळते. डोळ्यांना समोरचे पान स्थिर दिसते. अंतर्कर्णातील तीन अर्धवर्तुळाकार नलिका मात्र प्रत्येक वळणाची खबर मेंदूला देत असतात. दोन खबरी जुळत नाहीत आणि पोट ढवळते. आभासी वास्तवाचा चष्मा लावला की नेमके उलटे घडते. डोळे सांगतात, आपण उडतो आहोत; कान सांगतो, आपण खुर्चीवर बसलो आहोत.

नोव्हेंबर २०१६ मध्ये आलेला 'गूगल अर्थ व्हीआर' हा कार्यक्रम या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. त्यात पृथ्वीवर हवे तिथे उडत जाता येते. उडू लागताच दृश्याच्या कडा झाकल्या जातात. मधल्या खिडकीपुरतेच जग सरकते आणि भोवती रेषांची स्थिर जाळी दिसते. थांबलो की दृश्य पुन्हा पसरते.

असे का केले असेल? स्टेशनात शेजारची गाडी हलली की आपलीच गाडी सुटल्यासारखे वाटते, हे आपण अनुभवलेले असते. हा भास निर्माण करण्यात नजरेच्या कडेला दिसणाऱ्या हालचालीचा मोठा वाटा असतो. कडा झाकल्या की भास ओसरतो. दृष्टिक्षेत्र हळूहळू आकुंचित केले, तर 'आपण तिथेच आहोत' ही जाणीव न घटता त्रास कमी होतो, असे कोलंबिया विद्यापीठातील फर्नांडिस आणि फायनर यांनीही २०१६ मध्येच दाखवले.

इथे चलचित्रांचा एक जुना नियमही उलटतो. पडद्यावरची हालचाल सावकाश सुरू होऊन सावकाश थांबली, तर डौलदार दिसते. पण चष्म्यातून पाहणाऱ्याचे सारे दृश्यच सरकत असेल, तर हा डौल महागात पडतो. अंतर्कर्णाला एकसमान वेग कळत नाही, वेगातला बदल कळतो. म्हणून त्वरण जितका वेळ दिसत राहील, तितका वेळ डोळ्यांचे आणि कानाचे भांडण चालते. अशा ठिकाणी झटकन वेग घेणे आणि मग तो कायम ठेवणे बरे.

या कार्यक्रमातली युक्ती चांगली आहे, पण शिक्षकाच्या नजरेतून तिची किंमतही पाहायला हवी. नदीवरून उगमाकडून मुखाकडे जाताना दोन्ही बाजूंचे खोरे कसे रुंदावते, हे भूगोलाच्या तासाला दाखवायचे असते. उडताना नेमके तेच झाकले जाते. शिवाय उंच गेल्यावर पाहणारा जणू राक्षसाएवढा होतो आणि पर्वत मातीच्या प्रतिकृतीसारखे दिसतात. दुसरा उपाय एका जागेवरून दुसरीकडे थेट उडी घेण्याचा. २०१६ मधल्याच 'द लॅब'मध्ये तो वापरला आहे. त्यात मळमळत नाही, कारण प्रवासच होत नाही. पण मग अंतर तरी कुठे उरते?

तेव्हा असे साधन वर्गात वापरायचे झाल्यास उडणे थोडे आणि थांबून पाहणे जास्त, असा क्रम ठेवावा. अंतर किती कापले, हे नकाशावर मोजून घ्यावे. आणि एखाद्या मुलीने मधेच चष्मा काढला, तर "सवय होईल" म्हणून तो पुन्हा चढवू नये, तिला भित्री तर मुळीच म्हणू नये. त्या क्षणी खरी खबर तिचा कानच देत असतो.