बंकरचे दार

जगबुडीनंतरचे जग रंगवणाऱ्या व्हिडिओ गेमना आपली समीक्षा अजून दारात उभे करीत नाही. पोरांचा वेळ घालवण्याचा उद्योग म्हणून तिकडे काणाडोळा होतो. पण आपले कितीतरी विद्यार्थी रात्र रात्र या खेळांत असतात, आणि माणसाने माणसाशी कसे वागावे याची एक कल्पना त्यातून त्यांच्या मनात मुरत असते. ती तपासणे समीक्षेचेच काम आहे. यातील पुष्कळ खेळ बंकरभोवती फिरतात. बंकर म्हटले की भिंतीची जाडी, धान्याचा साठा, हवा गाळण्याची यंत्रे यांची चर्चा होते. माझ्या मते बंकरचे सारे समाजशास्त्र त्याच्या दारात आहे.

१९९७ साली अमेरिकेत निघालेला 'फॉलआउट' हा खेळ घ्या. अणुयुद्ध होऊन गेले आहे. 'व्हॉल्ट १३' नावाच्या भुयारी वस्तीत माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची चिप बिघडते. ती शोधून आणायला एकाला बाहेर धाडतात; मुदत दीडशे दिवसांची. तो किरणोत्साराने नासलेला मुलूख तुडवतो, चिप आणून देतो, पुढचे मोठे संकटही निवारतो आणि दाराशी परततो. तेव्हा व्हॉल्टचा ओव्हरसिअर त्याला तिथूनच परत लावतो. कारण काय, तर त्याला पाहून आतली तरुण पोरेही बाहेर निघतील! पाणी आतल्यांचे आणि पाणी आणणारा बाहेरचा, हा न्याय आपल्या वाचकाला कोणी समजावून सांगायला नको. खेळ रचणाऱ्यांना आपले गावकूस ठाऊक असण्याचे कारण नाही. तरीही बंद दाराच्या व्यवस्थेचे मर्म त्यांना सापडले आहे. तिला बाहेरच्या विषापेक्षा बाहेर जाऊन आलेल्या माणसाचे भय अधिक वाटते.

१९९८ च्या दुसऱ्या भागात हे सूत्र पुढे जाते. एका व्हॉल्टमधून निघालेल्यांचे वंशज 'व्हॉल्ट सिटी' वसवतात. तटाच्या आत नागरिक, तटाबाहेरच्या अंगणात बाकीचे. आतले स्वतःला शुद्ध रक्ताचे समजतात आणि गुलामांना 'नोकर' म्हणतात. म्हणजे बंकर उघडला, माणसे उजेडात आली, पण दार त्यांनी मनातून काढले नाही. हा भाग मला मालिकेतला सर्वांत धारदार वाटतो.

पुढे मालिकेचे मालक बदलले, आणि २०१५ मध्ये मोबाईलवर 'फॉलआउट शेल्टर' आला. यात खेळणारा स्वतःच ओव्हरसिअर असतो. दारासमोर माणसे रांगेत उभी राहतात. तो त्यांना आत घेतो, सात गुणांवर त्यांची पारख करतो आणि कुणाला विजेवर, कुणाला पाण्यावर, कुणाला स्वयंपाकावर जुंपतो. चित्रे गोंडस, संगीत गोड. पहिल्या खेळाने खेळणाऱ्याला शेवटी दाराबाहेर उभे करून व्यवस्थेचा चेहरा दाखवला होता. याने त्याला व्यवस्थेच्या खुर्चीत बसवून ती खुर्ची मऊ केली. उपहासाचा असा व्यापार झाला.

प्रत्यक्षात काय घडले? १९६१ मध्ये केनेडींनी अमेरिकन नागरिकांना आसरे उभारण्यास सांगितले. त्याच वर्षी मॅकह्यू नावाच्या जेझुइट धर्मगुरूने 'अमेरिका' या साप्ताहिकात लिहिले की, आपल्या आसऱ्यात घुसणाऱ्या शेजाऱ्याला बळाने हाकलण्यास नीतीची आडकाठी नाही. त्यावर मोठे वादळ उठले. पण वाद घालणारी मंडळी घरामागे अंगण असलेली होती. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याने बंकर कोठे खणावा, हा प्रश्न त्या नीतिचर्चेत फारसा आलाच नाही. त्याच सुमारास वेस्ट व्हर्जिनियात ग्रीनब्रायर या आलिशान हॉटेलाखाली काँग्रेसच्या सभासदांसाठी बंकर बांधला जात होता. ज्यांच्या पैशावर तो झाला त्यांना तो कळला १९९२ मध्ये, वर्तमानपत्रातून.

यावर कोणी स्वित्झर्लंडकडे बोट दाखवील, आणि ते रास्तच आहे. तिथे प्रत्येक रहिवाशाला आसऱ्यात जागा असावी असे कायदा सांगतो, आणि जागा लोकसंख्येपेक्षा अधिक आहेत. तेव्हा टंचाई हे दार लावण्याचे निमित्त असते, कारण नव्हे. दार लावले जाते ते बहुधा भोंगा वाजण्याच्या कितीतरी आधी, कचेरीत, कागदावर.

या खेळांत माणूस निदान दारापर्यंत पोहोचतो. इस्रायलमध्ये १९९२ पासून प्रत्येक नव्या घरात बॉम्बपासून सुरक्षित खोली बांधणे सक्तीचे आहे. नेगेव वाळवंटातील बेदुइन अरब त्याच देशाचे नागरिक आहेत, पण त्यांच्या अनेक गावांना सरकारची मान्यता नाही. मान्यता नाही म्हणून बांधकामाचा परवाना नाही, आणि परवाना नाही म्हणून सुरक्षित खोलीही नाही. एप्रिल २०२४ मध्ये इराणने शेकडो ड्रोन आणि क्षेपणास्त्रे सोडली. बहुतेक आकाशातच पाडली गेली आणि जगाने त्या संरक्षणाचे कौतुक केले. त्या रात्री इस्रायलमध्ये गंभीर जखमी झाली ती अशाच एका गावातली सात वर्षांची बेदुइन मुलगी. वरून पडलेला तुकडा घराचे छप्पर फोडून आत आला होता.