आजीची रोजनिशी आणि दैनंदिनतेचे मूल्य : ‘अ मिडवाइफ्स टेल’च्या संदर्भात

प्रास्ताविक :
मराठी समीक्षेने स्त्रियांच्या आत्मपर लेखनाचा विचार प्रामुख्याने आठवणी व आत्मचरित्र या रूपांत केला आहे. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) आणि लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रे’ (पहिला भाग १९३४) ही त्याची ठळक उदाहरणे होत. या लेखनातील घरसंसार स्मृतीने निवडलेला आहे. रोजनिशी मात्र उद्याचे काहीच ठाऊक नसताना लिहिली जाते. त्यामुळे तिच्या वाचनाचे निकषही वेगळे असावयास हवेत. प्रस्तुत लेखात अमेरिकन इतिहासकार लॉरेल थॅचर उलरिक यांच्या ‘अ मिडवाइफ्स टेल’ (१९९०) या ग्रंथाच्या आधारे हा प्रश्न तपासला आहे. या ग्रंथास १९९१ चे इतिहासविषयक पुलित्झर पारितोषिक मिळाले.

रोजनिशीचे स्वरूप :
मार्था बॅलार्ड ही मेन प्रांतातील हॅलोवेल गावची सुईण. १७८५ ते १८१२ अशी सत्तावीस वर्षे तिने रोजनिशी लिहिली. त्यात ८१६ बाळंतपणांची नोंद आहे. त्यासोबत हवामान, सूतकताई, विणकाम, भाजीचे वाफे, धुणे, पाहुणे आणि उसनवारी यांच्या नोंदी येतात. भावनांचा उच्चार फार थोडा आहे. तिच्या नातींनी ही वही जपली आणि १८८४ मध्ये ती मेरी होबार्ट या डॉक्टर झालेल्या खापरपणतीकडे आली. १९३० मध्ये होबार्ट यांनी ती मेनच्या राज्य ग्रंथालयास दिली. तत्पूर्वीच्या स्थानिक इतिहासकारांना मात्र ती बव्हंशी क्षुल्लक वाटली होती.

क्षुल्लकाचा अर्थ :
उलरिक यांचे यश असे की, या क्षुल्लक नोंदींची त्यांनी परस्परांशी सांगड घातली. एखाद्या दिवशीचे सूत निरर्थक वाटते. पण वर्षानुवर्षांच्या नोंदी एकत्र ठेवल्या की मुली व भाच्यांच्या श्रमांवर उभी असलेली, पुरुषांच्या हिशेबवह्यांत न दिसणारी स्त्रियांची अर्थव्यवस्था स्पष्ट होते. मुली लग्न होऊन गेल्यावर घरकामाचा भार वृद्ध मार्थावर कसा पडला, हेही त्याच नोंदी सांगतात. १८०४–०५ मध्ये नवरा कर्जापायी तुरुंगात असताना मुलाचा संसार त्याच घरात आला आणि मार्थाच्या वाट्याला एक खोली उरली. सासू-सुनेच्या या ताणाचे वर्णन ती विस्ताराने करीत नाही. तो तिच्या त्रोटक वाक्यांत दिसतो. येथे संयम हीच शैली ठरते.

एक आक्षेप :
तथापि, ग्रंथाच्या पद्धतीत एक विसंगती जाणवते. पुनरावृत्ती हेच रोजनिशीचे सामर्थ्य, असे उलरिक मानतात. परंतु प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी त्या निवडक उतारा देतात व त्याभोवती विवेचन रचतात. साहजिकच घटनेला उठाव मिळतो आणि वाचक कथेकडे ओढला जातो. ज्या दिवशी काहीच घडले नाही, तो दिवस मागे पडतो. मूळ उतारा व विवेचन वेगवेगळे छापल्याने वाचकास ही निवड पारखता येते, हे मात्र त्यांच्या प्रामाणिकपणाचे द्योतक होय. संपादित आठवणींच्या आवृत्त्यांत अशी सोय क्वचितच आढळते.

निष्कर्ष :
रोजनिशी हा आत्मचरित्राचा कच्चा माल नव्हे, तो स्वतंत्र लेखनप्रकार आहे. ‘मी’चे चित्रण किती झाले, या निकषावर तो उणा ठरेल, श्रम, देवघेव व काळाची लय यांचा लेख म्हणून तो समृद्ध ठरतो. आपल्याकडील वाण्याचा हिशेब, बाळंतविडा आणि पाहुण्यांचा राबता नोंदवणाऱ्या आजीच्या वह्या याच दृष्टीने वाचल्या पाहिजेत. त्या बहुधा घर बदलताना रद्दीत जातात. मराठी व इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांकरवी अशा वह्यांच्या प्रती कुटुंबाच्या संमतीने जतन करणे हे या चर्चेतून निघणारे पहिले काम होय. त्या वेळी नीरस पाने गाळू नयेत. कारण घराचा इतिहास बहुतांशी त्याच पानांत असतो.