माळवद, पत्रा आणि छपरावरचा दगड

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली, परभणी आणि नांदेड जिल्ह्यांत जमीन हादरली. केंद्र हिंगोली जिल्ह्यात होते. हा भाग १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच मोडत असे. भूकंपाचे परिमाण ४.५ होते. त्यानंतर प्रशासनाने आवाहन केले, की घराच्या पत्र्यांवर ठेवलेले दगड काढून घ्यावेत. १० जुलैला तेवढ्याच परिमाणाचा दुसरा धक्का बसला.

सल्ला बरोबर आहे, पण आम्हाला तो अर्धा वाटतो. पत्र्यावर दगड कोणी हौसेने ठेवत नाही. उन्हाळी वादळात पत्रा उडू नये म्हणून तो असतो. दगड काढला तर पत्रा कशाने धरायचा? आकडीच्या बोल्टांनी पत्रा खालच्या वाशाला आवळावा आणि वासा भिंतीत घट्ट बांधावा, हे सल्ल्याचे उरलेले अर्ध. घरमालकाशी बोलल्याशिवाय हे अर्ध सुचत नाही.

या बाबतीत मराठवाड्याला अनुभव नाही असे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात ६.२ परिमाणाचा भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसे गेली. त्या वेळच्या भूकंप-नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. माणसे मेली ती मुख्यतः भिंतींखाली. आपल्याकडील जुनी भिंत जाड असते, पण ती खरे तर दोन पातळ भिंती आणि मधली भर अशी असते. आरपार जाणारे लांब दगड नसतील, तर हादऱ्याने दोन्ही थर एकमेकांपासून सुटतात. वर माळवदाची माती. गळती थांबावी म्हणून ती वर्षानुवर्षे वाढत जाते. वजन जितके जास्त, तितके हादऱ्याचे आडवे बलही जास्त. काही घरांत लाकडी खांब-तुळया उभ्या राहिल्या आणि भिंती तेवढ्या ढासळल्या.

पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. घरे २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची, आणि कोणाला कोणते हे जमीनधारणेवर ठरलेले. भूमिहीनाला सर्वांत लहान. हा निकष आम्हाला आजही समजत नाही. डोक्यावर पडणारे छप्पर सातबारा पाहत नाही. सरळ रेषांची आखणी नकाशावर छान दिसली, परंतु गुरे, कडबा, धान्य, बायकांची एकत्र बसण्याची जागा यांचा विचार तीत फारसा नव्हता. आपली भाषा शेताला काळी आणि वस्तीला पांढरी म्हणते. पांढरी हलवायची तर तिथे राहणाऱ्यांना आधी विचारायला हवे होते.

याउलट, ज्या गावांत घरे जागेवरच दुरुस्त करायची होती, तिथे पैसे हप्त्याहप्त्याने घरमालकाच्या हाती दिले गेले. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या महिलांना संवाद साहाय्यक म्हणून उभे केले. सुमारे दोन लाख घरांचा हा व्याप होता. आमच्या मते किल्लारीच्या कामातला हा सर्वांत चांगला भाग.

तरीही एक गोष्ट खटकते. पुष्कळ कुटुंबांनी जुने घर बळकट करण्याऐवजी त्या पैशात विटा-सिमेंटची नवी खोली बांधली. दगडानेच माणसे मारली, अशी भीती बसली होती. ती समजण्यासारखी आहे, पण निष्कर्ष चुकीचा. दोष दगडाचा नव्हता, बांधणीचा होता. त्यामुळे जुन्या घरांतले वासे आणि भिंती बऱ्याच ठिकाणी जशाच्या तशा राहिल्या. लोकांना निर्णय दिला, पण त्यामागचे विज्ञान त्यांच्यापर्यंत पुरेसे पोचले नाही, असे आम्हाला वाटते.

इथे शाळेला करण्यासारखे काही आहे, आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही. एका पाटावर खडे आणि चिखल यांच्या वीतभर उंचीच्या दोन भिंती विद्यार्थ्यांकडून बांधून घ्याव्यात. एकीत मधूनमधून आरपार जाणारे लांब खडे घालावेत. चिखल वाळू द्यावा. मग पाट आडवा हलवावा. कोणती भिंत आधी फुटते आणि फुटताना कशी पोटातून फुगते, हे विद्यार्थी स्वतः पाहतील. पुढचे काम गल्लीतले: किती छपरांवर दगड आहेत ते मोजायचे आणि प्रत्येक घरी विचारायचे, तो दगड नेमका कशासाठी ठेवला आहे. सुरुवात शाळेच्या सायकलस्टँडच्या पत्र्यापासून केली तरी हरकत नाही.